चाकांवरचं घर आणि काळी टाकी

आपल्या घराला चाकं असती तर काय मजा आली असती, असं तुम्हाला कधी वाटलंय का? परीक्षा संपली की घर सुरू करायचं आणि थेट समुद्रावर नेऊन उभं करायचं! स्वयंपाकघर तेच, अंथरूण तेच, खिडकीही तीच. फक्त खिडकीबाहेरचं गाव रोज नवं!

अमेरिकेत अशी घरं खरोखरच आहेत. त्यांना 'आर.व्ही.' म्हणतात. आर.व्ही. म्हणजे रिक्रिएशनल व्हेइकल, आपण त्याला सहलीची गाडी म्हणू. काही गाड्या एस.टी.एवढ्या मोठ्या असतात आणि स्वतःच्या इंजिनावर धावतात. काहींना इंजिन नसतं, त्या मोटारीच्या मागे जोडून ओढत न्यायच्या. आत झोपायला फळ्या, गॅसची शेगडी, फ्रीज, बेसिन, टीचभर न्हाणीघर आणि हो, चक्क संडाससुद्धा!

आता इथे चौकस मुलांच्या मनात एक प्रश्न यायलाच हवा. आपल्या घरातला पाइप भिंतीतून खाली उतरतो आणि जमिनीखालच्या गटाराला किंवा टाकीला मिळतो. पण हे घर तर धावतं! मग त्यातलं सांडपाणी आणि संडासातली घाण जाते तरी कुठे?

नाक मुरडू नका हं! सहलीची वर्णनं लिहिताना लोक डोंगर, सूर्यास्त आणि खाण्यापिण्याबद्दल पानंच्या पानं लिहितात, पण या प्रश्नाला बगल देतात. माझी धाकटी बहीण ॲरिझोना राज्यात फिनिक्स शहरात राहते. २०२४च्या जानेवारीत तिच्या कुटुंबाबरोबर मी पाच दिवस अशा गाडीतून हिंडले. त्या पाच दिवसांत आमच्या घरात सगळ्यांत जास्त चर्चा कशाची झाली असेल, तर या प्रश्नाची!

तीन टाक्यांचं घर

गाडी भाड्याने घेतली तेव्हाच दुकानातल्या माणसाने आम्हाला तिच्या पोटातल्या तीन टाक्या दाखवल्या. पहिली टाकी स्वच्छ पाण्याची. प्यायला, स्वयंपाकाला, अंघोळीला हेच पाणी. दुसरी 'करडी' टाकी. बेसिन आणि न्हाणीघरातलं सांडपाणी हिच्यात जमतं. आणि तिसरी 'काळी' टाकी. ती संडासाच्या बरोबर खाली असते. तिच्यात काय जमतं ते सांगायला नकोच!

आमच्या गाडीच्या तिन्ही टाक्या साधारण ४० गॅलनच्या होत्या. अमेरिकन गॅलन म्हणजे जवळजवळ पावणेचार लिटर. म्हणजे प्रत्येक टाकी १५० लिटरची. दाराजवळ एक छोटी पट्टी होती. तिच्यावरचं बटण दाबलं की दिवे लागायचे: रिकामी, एक तृतीयांश, दोन तृतीयांश, भरली! माझ्या अकरा वर्षांच्या भाचीने आणि आठ वर्षांच्या भाच्याने ते बटण दिवसातून पन्नास वेळा तरी दाबलं असेल.

चला, जरा गणित करू. माणसं आम्ही पाच. भांडी, तोंड धुणं, अंघोळ मिळून प्रत्येकाने दिवसाला फक्त १० लिटर पाणी वापरलं, तरी रोज ५० लिटर सांडपाणी. म्हणजे १५० लिटरची करडी टाकी किती दिवसांत भरेल? बरोबर, तीन दिवसांत! आणि १० लिटर म्हणजे काही फार नाही. तिकडच्या घरांमधला शॉवर मिनिटाला नऊ लिटरपर्यंत पाणी सोडतो. दहा मिनिटं त्याच्याखाली गाणी म्हणत उभं राहिलं, की नव्वद लिटर गेलेच समजा.

यावर माझ्या बहिणीने आपला गावाकडचा उपाय काढला. एक छोटी बादली आणि तांब्या! अमेरिकेत जन्मलेल्या तिच्या मुलांनी आयुष्यात पहिल्यांदा बादलीतून अंघोळ केली. "मावशी, अर्ध्या बादलीत खरंच सगळं अंग धुऊन होतं?" भाचा विचारत होता. होतं की रे बाबा! आपल्याकडे उन्हाळ्यात कितीतरी घरांत याहून कमी पाण्यात होतं.

वाळवंटातली जत्रा

आम्ही निघालो होतो क्वार्ट्‌झसाइट नावाच्या गावाला. फिनिक्सहून पश्चिमेला साधारण २०० किलोमीटरवर, कोलोरॅडो नदीच्या अलीकडे हे गाव आहे. आजूबाजूला सोनोरन वाळवंट. वाळवंट म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर वाळूच्या टेकड्या येतात, पण हे तसं नाही. इथे कडक, खडकाळ माळ आहे, काटेरी झुडपं आहेत आणि हात वर करून उभ्या असलेल्या माणसासारखे उंचच उंच साग्वारो निवडुंग आहेत. हे निवडुंग चाळीस फुटांपर्यंत वाढतात आणि दीडशे वर्षंही जगतात.

उन्हाळ्यात इथे पारा ४२-४३ अंशांच्या वर चढतो. पाऊस तर इतका कमी, की मुंबईत जुलैमधल्या एखाद्या मुसळधार दिवशी जेवढा पडतो, तेवढा इथे वर्षभरात पडतो! गावाची लोकसंख्या २०२०च्या जनगणनेनुसार २,५०० च्याही आत. पण हिवाळा आला, की काय जादू होते बघा. उत्तरेकडची राज्यं आणि कॅनडा बर्फाखाली गाडले जातात. मग तिकडचे आजी-आजोबा आपापली चाकांवरची घरं घेऊन दक्षिणेला, या उबदार वाळवंटात येतात. त्यांना 'स्नोबर्ड' म्हणजे हिमपक्षी म्हणतात. थंडीत सायबेरियातून आपल्याकडे पक्षी येतात ना, अगदी तसेच! जानेवारीत इथे रत्नांची आणि दगडांची मोठी प्रदर्शनं भरतात, आर.व्ही.चं प्रदर्शनही भरतं. सगळा हंगाम धरला, तर इथे येऊन जाणाऱ्यांची संख्या लाखांत मोजावी लागते. नजर जाईल तिथपर्यंत माळावर पांढऱ्या गाड्याच गाड्या. आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या यात्रेत तंबू दिसतात, तशा!

गावात बघण्यासारखी आणखी एक गंमत आहे. जुन्या दफनभूमीत दगडांचा एक छोटा पिरॅमिड आहे आणि त्याच्या टोकावर धातूचा उंट! अमेरिकेत उंट कुठून आला? तर १८५५ साली अमेरिकन सरकारने ठरवलं, की या कोरड्या मुलखात लष्कराचं सामान वाहायला उंट आणायचे. १८५६ साली टेक्सासच्या किनाऱ्यावर उंटांचं जहाज लागलं. उंटांबरोबर त्यांना हाकणारी माणसंही भूमध्य समुद्राकडून आली. त्यांच्यातला एक होता हाजी अली. अमेरिकन लोकांना ते नाव नीट म्हणता येईना. त्यांनी त्याचं केलं 'हाय जॉली'! उंट काम उत्तम करायचे, पण घोडे आणि खेचरं त्यांना बघून बिथरायची. पुढे १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झालं आणि हा प्रयोग मागेच पडला. हाय जॉली मात्र तिथेच राहिला. १९०२ साली तो क्वार्ट्‌झसाइटमध्ये वारला. १९३५ मध्ये त्याच्या थडग्यावर हा पिरॅमिड उभा राहिला.

हा पिरॅमिड लक्षात ठेवा. पुढे आपल्याला आणखी एक पिरॅमिड भेटणार आहे. तो बघायला मात्र तुम्हाला मुळीच आवडणार नाही!

दिवा लागला

गावाच्या अवतीभवतीची बरीचशी जमीन सरकारी आहे. ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट हे खातं तिची देखभाल करतं. काही ठिकाणी चौदा दिवसांपर्यंत फुकट मुक्काम करता येतो. फुकट म्हणजे अगदी फुकट. तिथे नळ नाही, वीज नाही, संडास नाही, कचऱ्याची पेटीसुद्धा नाही! आपलं पाणी आपण आणायचं आणि आपली घाण आपणच परत न्यायची.

आम्ही अशाच एका जागी तीन रात्री राहिलो. रात्री आकाशात इतके तारे, की भाचीने मोजायचा नाद सोडून दिला. पहाटे कोल्ह्यासारखे दिसणारे कायोटी ओरडायचे. चौथ्या दिवशी सकाळी भाच्याने नेहमीप्रमाणे बटण दाबलं आणि तो ओरडला, "बाबा, करडी भरली! काळी पण भरत आली!"

झालं! चहा अर्ध्यावर ठेवून बैठक भरली. आता टाक्या रिकाम्या करायच्या कुठे? भाचीने वही काढली आणि यादी केली.

पहिली जागा होती, गावाच्या दक्षिणेला असलेली 'ला पोसा'. हाही सरकारी मुक्कामच, पण मोठा. साधारण ११,४०० एकरांचा! १९८३ पासून सरकारने अशा 'दीर्घ मुक्कामा'च्या जागा सुरू केल्या. दर वर्षी १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल असा त्यांचा हंगाम असतो. ला पोसाला पाण्याचे नळ आहेत, कचरा टाकायची सोय आहे आणि टाक्या रिकाम्या करायचं केंद्रही आहे. अशा केंद्राला 'डंप स्टेशन' म्हणतात. पण तिथे राहायला पास काढावा लागतो. आमच्याकडे तो नव्हता.

दुसरी जागा म्हणजे गावातले खासगी आर.व्ही. तळ. तिथे प्रत्येक गाडीसाठी जमिनीतच पाइप असतो. तिसरी जागा म्हणजे पैसे घेऊन टाक्या रिकाम्या करू देणारी ठिकाणं. चौथा उपाय म्हणजे टँकर. फोन केला, की पंप लावलेला टँकर आपल्या गाडीपाशी येतो आणि सगळं शोषून घेऊन जातो. या टँकरला तिकडचे लोक गमतीने काय म्हणतात, ठाऊक आहे? 'हनी वॅगन', म्हणजे मधाची गाडी! हे ऐकून दोन्ही मुलं इतकी हसली, की भाच्याच्या हातातला पाव खाली पडला.

टँकरला फोन लावला. जत्रेचे दिवस! "उद्या दुपारी येतो," असं उत्तर मिळालं. उद्यापर्यंत थांबणं शक्य नव्हतं. मग घर आवरायला घेतलं. चाकांवरचं घर हलवायचं म्हणजे साधं काम नाही बरं का! कपबशा कपाटात, कपाटाला कडी, फ्रीजला खिटी, खिडक्या बंद, पायऱ्या वर. पाऊण तासाने घर निघालं.

पहिल्या तळावर गेलो, तर तिथल्या बाईंनी नम्रपणे सांगितलं, की आमची सोय फक्त इथे राहणाऱ्यांसाठी. दुसऱ्या ठिकाणी दोरी बांधून पाटी लावलेली होती, 'बंद'. आदल्या दिवशी कुणीतरी नको ती वस्तू आत टाकून पाइप तुंबवला होता. एकाच्या निष्काळजीपणाने शंभर जणांची गैरसोय! तिसऱ्या ठिकाणी केंद्र सुरू होतं, पण आमच्यापुढे अकरा गाड्या उभ्या होत्या. प्रत्येकीला दहा-पंधरा मिनिटं. गणित तुम्हीच करा. आणि तोवर गाडीतला संडास वापरायचा नाही, असा हुकूम सुटला होता. भाच्याचा चेहरा बघवत नव्हता! शेवटी बाबा त्याला घेऊन समोरच्या दुकानात गेले, तेव्हा कुठे त्याचा जीव भांड्यात पडला.

कॅनडाच्या आजी

रांगेत आमच्यापुढे कॅनडाहून आलेल्या एक आजी होत्या. वय सत्तरीच्या पुढचं, पण एकट्या गाडी चालवत आलेल्या. दर हिवाळ्यात येतात म्हणे. मुलांचे प्रश्न ऐकून त्या घडीच्या खुर्चीसकट आमच्याकडेच येऊन बसल्या.

"तुमच्या काळ्या टाकीचा दांडा उघडा ठेवता की बंद?" त्यांनी पहिलाच प्रश्न केला. बंद, असं बाबा म्हणाले. "शाबास!" आजी म्हणाल्या. मग त्यांनी समजावून सांगितलं. तळावर पाइप जोडून उभं राहिलं, की काही लोक काळ्या टाकीचा दांडा उघडाच ठेवतात. वाटतं, बरंय, आपोआप वाहून जाईल. पण होतं उलटंच. पाणी पटकन वाहून जातं आणि घट्ट मैला व कागद मागे राहतो. रोज थोडा थोडा साचत त्याचा ढीग होतो. ढीग वाळतो, दगडासारखा होतो. "आणि त्याला आम्ही काय म्हणतो माहीत आहे?" आजींनी डोळे मिचकावले. "पिरॅमिड!"

हाच तो दुसरा पिरॅमिड, मुलांनो! म्हणून दांडा बंद ठेवायचा, टाकी निदान दोन तृतीयांश भरू द्यायची आणि पाणी सढळ हाताने टाकायचं. मग दांडा उघडला की पाण्याच्या लोंढ्याबरोबर सगळं धुऊन निघतं. कागदही पाण्यात लगेच विरघळणारा, पातळच वापरायचा.

अखेर आमची पाळी आली. बाबांनी रबरी हातमोजे घातले. जमिनीत झाकण असलेलं एक भोक होतं. तीन इंची जाड, लवचीक नळीचं एक टोक गाडीला जोडलं, दुसरं त्या भोकात घट्ट बसवलं. आजी मागे उभं राहून सूचना देत होत्याच. आधी कुठली टाकी उघडायची, सांगा बघू? आधी काळी, मग करडी! कारण काळी टाकी रिकामी झाल्यावर करड्या टाकीतलं साबणाचं पाणी त्याच नळीतून जातं आणि नळी आतून धुतली जाते. साधीच युक्ती, पण किती छान!

दांडा ओढला, नळी थरथरली, आणि गडगड आवाज करत तीन दिवसांचं सगळं खाली गेलं. भाचा नाक धरून, पण डोळे विस्फारून बघत होता. मग करडी टाकी उघडली. तिथे एक नळ होता. त्यावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'हे पाणी पिण्यासाठी नाही'. ते फक्त नळी आणि जागा धुवायला. पिण्याच्या पाण्याचा नळ तिथून चांगला लांब होता आणि त्याची नळीही वेगळी. या दोन नळ्यांची अदलाबदल कधीही, चुकूनसुद्धा होता कामा नये.

बाबांनी नळी धुतली, भोकाचं झाकण लावलं, सिमेंटच्या ओट्यावर पडलेले दोन-चार थेंबही पाणी मारून साफ केले. मागच्या गाडीवाल्याने हात हलवून शाबासकी दिली. पट्टीवरचं बटण दाबायचा मान अर्थातच भाच्याचा. दिवा लागला, 'रिकामी'! दोघांनी टाळ्या पिटल्या.

एवढं मोठं वाळवंट पडलंय की!

परत जाताना रस्ता एका कोरड्या ओढ्यावरून गेला. अशा ओढ्याला तिकडे 'वॉश' म्हणतात. वर्षातले बहुतेक दिवस त्यात थेंबभरही पाणी नसतं. त्याच्याकडे बघत भाच्याने सरळ विचारलं, "बाबा, आपण एवढे तीन तास घालवले. इथे तर मैलोन्‌मैल कुणी नाही. रात्री इथेच टाकी उघडली असती तर काय झालं असतं? कुणी बघितलंही नसतं."

प्रश्न लहान मुलाचा, पण मोठ्या माणसांच्याही मनात येणारा! रांग लांब असते, पैसे पडतात, अंधार असतो. काही लोक तसं करतातही. म्हणून तर नियम आणि दंड आहेत. ला पोसासारख्या जागांवर संडासाची घाणच नव्हे, भांड्यांचं सांडपाणीदेखील जमिनीवर ओतायला बंदी आहे.

बाबांनी गाडी बाजूला घेतली. ते म्हणाले, "उतर खाली. आणि मला सांग, हा ओढा कुणी खणला?"

खरंच, कुणी खणला? पाण्याने! वर्षातून दोन-चारदा इथे ढगफुटीसारखा पाऊस पडतो. कडक जमीन पाणी पटकन पिऊन घेत नाही. मग हाच कोरडा ओढा बघता बघता दुथडी भरून वाहतो आणि वाटेतलं सगळं घेऊन पुढे जातो. क्वार्ट्‌झसाइटच्या तर ऐन गावातून असा एक ओढा जातो, टायसन वॉश. इथे ओतलेली घाण गावाच्या दारात जाणार!

आता तुम्ही म्हणाल, शेतात शेणखत टाकतो, ते नाही का मातीत जिरत? जिरतं, कारण मातीत ओल असते. डोळ्यांना न दिसणारे कोट्यवधी जीवाणू त्या ओलीत शेणखत खाऊन त्याची माती करतात. वाळवंटात ओलच नाही. जीवाणूंचं काम अगदी मंद चालतं. घाण वाळते, तिची धूळ होते, वाऱ्यावर उडते, नाहीतर पुढच्या पुराची वाट बघत पडून राहते. तोवर कायोटी, ससे आणि वाळवंटातली कासवं तिथूनच जात-येत असतात.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे पाणी! हे गाव इथे वसलंच मुळी विहिरीमुळे. एकोणिसाव्या शतकात घोडागाड्या इथे थांबायच्या, कारण या कोरड्या वाटेवर टायसनच्या विहिरीला पाणी होतं. आजही गाव जमिनीखालच्याच पाण्यावर जगतं. मैल्यातल्या नत्रापासून नायट्रेट नावाची द्रव्यं तयार होतात. ती पाण्याबरोबर मुरत मुरत विहिरीत उतरू शकतात. नायट्रेट जास्त झालेलं पाणी पोटात गेलं, तर तान्ह्या बाळांच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद कमी होते. बाळ अक्षरशः निळं पडतं. एका गाडीने काही होणार नाही, असं प्रत्येकाला वाटतं. पण गाड्या हजारो, गाव अडीच हजारांचं आणि विहिरी मोजक्या!

भाचा बराच वेळ त्या ओढ्यातली वाळू पायाने उकरत उभा होता. मग म्हणाला, "म्हणजे कुणी बघत नसलं, तरी पाणी बघतं." आम्ही मोठी माणसं एकमेकांकडे बघतच राहिलो!

झाकणाखाली काय असतं?

टाकी रिकामी केली म्हणजे घाण नाहीशी झाली का? छे! आपण फक्त ती योग्य हातांत दिली. त्या भोकाखालचा पाइप एकतर गावाच्या मैलाशुद्धीकरण केंद्राकडे जातो, नाहीतर जमिनीत पुरलेल्या मोठ्या सेप्टिक टाकीत. सेप्टिक टाकीत जड गाळ तळाशी बसतो, तेलकट साय वर तरंगते आणि हवेशिवाय जगणारे जीवाणू गाळ पचवत राहतात. मधलं निवळलेलं पाणी भोकं असलेल्या पाइपांतून जमिनीत हळूहळू जिरवतात.

म्हणजे सगळी भिस्त जीवाणूंवर! आणि त्यांचे शत्रू कोण? आपणच. काळ्या टाकीची दुर्गंधी जावी म्हणून पूर्वी सर्रास फॉर्मॅलिनसारखी जहाल रसायनं वापरत. त्यांनी वास जायचा, पण खालच्या टाकीतले उपयोगी जीवाणूही मरायचे. शिवाय आर.व्ही.तला मैला घरातल्यापेक्षा खूप दाट असतो, कारण गाडीत पाणी जपूनच वापरतात. शेकडो गाड्यांचा असा दाट, रसायन मिसळलेला मैला एका छोट्या टाकीत आला, तर ती बिचारी आजारी पडणारच! दुरुस्ती महाग. म्हणून मग मालक कंटाळून पाटी लावतो, 'बंद'. एक केंद्र बंद झालं, की दुसऱ्यासमोरची रांग वाढते. रांग वाढली, की कुणाला तरी कोरडा ओढा आठवतो. असं हे चक्र आहे.

आपल्याकडेही असाच प्रश्न होता, आठवतं? तुमच्या आई-बाबांना विचारा. आपल्या आगगाड्यांच्या संडासातून पूर्वी सगळं थेट रुळांवर पडायचं. म्हणून तर 'गाडी स्थानकात उभी असताना शौचालय वापरू नये' अशी सूचना असायची. पुढे रेल्वेने आणि डी.आर.डी.ओ. या आपल्या संरक्षण संशोधन संस्थेने मिळून डब्याखाली बसवायच्या जैविक टाक्या तयार केल्या. २०११ पासून त्या गाड्यांना बसू लागल्या. त्यांतही काम करतात ते जीवाणूच! क्वार्ट्‌झसाइटच्या वाळवंटात आणि आपल्या रुळांवर, मदतीला धावून आले ते हेच इवलेसे जीव.

आणि माणसांचं काय? आपल्याकडे शहरांबाहेर, गावोगावी, कितीतरी घरांचा मैला सेप्टिक टाकीतच जातो. ती भरली, की उपसावी लागते. हे काम यंत्र आणि टँकर लावूनच करायचं असतं. सुरक्षेच्या साधनांशिवाय माणसाला टाकीत उतरवणं हा २०१३च्या कायद्याप्रमाणे गुन्हा आहे, कारण आतल्या विषारी वायूने माणूस क्षणात बेशुद्ध पडतो. अशा टाक्यांमध्ये आजवर कितीतरी कामगारांचे जीव गेले आहेत. आपण संडासात प्लॅस्टिक, कापड, औषधाच्या बाटल्या टाकतो, तेव्हा ते काढायला शेवटी कुणालातरी यावं लागतं.

तेव्हा दोस्तांनो, या सुट्टीत एक शोधमोहीम करा. आपल्या घरातला संडासाचा पाइप कुठे जातो, ते शोधून काढा. सोसायटीत किंवा वाड्यात टाकी असेल, तर ती कुठे आहे? शेवटची कधी उपसली? कुणी उपसली, आणि कशी? गटाराला जोडलेला असेल, तर ते गटार पुढे कुठे मिळतं? शुद्धीकरण केंद्राला, की सरळ नदीला? आई-बाबांना बरोबर घ्या, सोसायटीच्या सेक्रेटरी काकांना गाठा, नगरपालिकेत जाऊन विचारा. पाइपाबरोबर चालत चालत जिथवर जाता येईल, तिथवर जा. वहीत नकाशा काढा आणि आम्हाला पत्राने कळवा. बघू या, कुणाचा नकाशा सगळ्यांत लांबचा होतो!